सोमलाचा पेला व विषाचा उतारा



सन १८७४ च्या नोव्हेंबरची ९ तारीख. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेर हे सकाळचे फिरणे आटोपून रेसिडेन्सीत परतले. त्यांच्यासाठी रोज सकाळी पपनसाच्या सरबताचा एक पेला भरून ठेवण्याची वहिवाट होती. त्या दिवशीही तो ठेवलेला होता. साहेबांनी दोनतीन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि ते लिहावयास बसले. अर्ध्या तासाच्या आत त्यांना मळमळू लागले, डोके गरगरू लागले, तोंडात तांब्यासारखी चव येऊन लाळ सुटली. पपनस नासके असावे अशा समजुतीने त्यांनी उरलेले सरबत बाहेर भिरकावून दिले. पेला परत ठेवताना मात्र तळाशी काळपट गाळ राहिलेला त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यांनी रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड ह्यांना ताबडतोब बोलावणे धाडले.

ह्या पेल्याच्या तळाशी राहिलेल्या चिमूटभर गाळावरून पुढे एका मराठी राजाचे सिंहासन गेले. तो राजकीय इतिहास आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. आज मी त्याच पेल्याकडे वैद्यकाच्या बाजूने पाहणार आहे. पोटात गेलेल्या धातुविषास त्या काळचा वैद्य काय करू शकत होता, काय करू शकत नव्हता, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत ही विद्या कोठवर आली, हा माझा विषय आहे. ह्या विषयाचा आपल्या वर्धा जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध मी पुढे दाखवीनच.

प्रथम बडोद्याचे प्रकरण पुरे करू. डॉ. सीवर्ड ह्यांनी तो गाळ कोळशाबरोबर काचनळीत तापविला. नळीच्या थंड भागावर धातूचे चकचकीत कडे जमले, आणि सोमलाची ही खूण रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काही लखलखणारे कणही दिसले. राहिलेला अंश मुंबईस सरकारचे रासायनिक पृथक्कारक डॉ. ग्रे ह्यांच्याकडे गेला. त्यांनी सोमल आणि हिऱ्याची पूड असे दोन पदार्थ सांगितले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर चौकशीस आले. त्यांच्या हाताखालील अकबर अली ह्या अधिकाऱ्याने रेसिडेन्सीतील हवालदार रावजी ह्याच्या पट्ट्यातून सोमलाची एक पुडी काढून दाखविली. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत ह्यांनी, औषधाचे निमित्त सांगून सोमल आणला व जवाहिऱ्याकडून हिरे घेतले, असा कबुलीजबाब दिला. १८७५ च्या जानेवारीत मल्हारराव गायकवाडांस कैद झाली.

फेब्रुवारीच्या २३ तारखेस बडोद्यात सहा जणांचे कमिशन बसले. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच अध्यक्ष. सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी. आणि आपल्या बाजूचे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व राजा सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित बॅरिस्टर आणले होते. पट्ट्यातली पुडी पोलिसांनीच घातली असली पाहिजे, असा त्यांच्या उलटतपासणीचा रोख होता. शेवटी तीन इंग्रजांनी आरोप सिद्ध झाला असे म्हटले आणि तीन हिंदी सभासदांनी तो मान्य केला नाही. मते अशी समसमान पडताच सरकारने विषप्रयोगाचा मुद्दाच बाजूस ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली महाराजांस पदच्युत केले. ते १८८२ साली मद्रासेस वारले. ज्या अपराधाबद्दल चौकशी झाली त्याबद्दल शिक्षा नाही, आणि ज्याबद्दल शिक्षा झाली त्याची त्या कमिशनपुढे चौकशी नाही, असा हा विलक्षण न्याय होता. महाराष्ट्रातील लोकमत त्या वेळी खवळून उठले, ह्यात नवल ते काय?

महाराज दोषी होते की नाही हे आज येथे बसून ठरविण्याचा अधिकार मला नाही. तथापि दोन वैद्यकीय गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिली हिऱ्याच्या पुडीची. हिरकणी गिळली की आतडी चिरून माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे राजवाड्यापासून झोपडीपर्यंत रूढ आहे. कित्येक कथांतील मानी स्त्रिया ह्याच मार्गाने प्राण देतात. वस्तुतः हिऱ्याची बारीक पूड जठररसात विरघळत नाही, रक्तात जात नाही, आणि पोटातून बहुधा जशीच्या तशी बाहेर पडते. त्या पेल्यात जीव घेण्याजोगे जे काही होते ते सोमल होते. हिरे हा केवळ श्रीमंती थाट. दुसरी गोष्ट चवीची. शुद्ध पांढऱ्या सोमलाला रुची जवळजवळ नसतेच. म्हणून तर खून करणाऱ्यांनी त्याला शतकानुशतके जवळ केले. धातूसारखी चव जी येते ती विष अंगात भिनू लागल्यावर तोंडास जाणवते. तेव्हा कर्नलसाहेबांना चव बिघडल्यामुळे पेला टाकावासा वाटला, की अगोदरच मळमळू लागल्यामुळे, हे नक्की सांगणे कठीण. एवढे खरे, की ते जगले ते पेला पुरा न प्याल्यामुळे. पुढे ते अफगाण युद्धात सेनापती म्हणून गेले आणि १८९७ पर्यंत हयात होते.

आता अशी कल्पना करा की त्यांनी पेला रिकामा केला असता. डॉ. सीवर्ड ह्यांच्या हाती उपाय कोणते होते?

त्या काळच्या पुस्तकांत पहिला उपाय वांतीचा. मोहरीचे पाणी किंवा जस्ताचे सल्फेट पाजून ओकारी करवावी. नळी व पिचकारी असल्यास पोट धुवावे. दुसरा उपाय अधिक विचाराचा होता. १८३४ साली जर्मनीत गटिंगेन येथे रॉबर्ट बुनसेन आणि त्यांचे वैद्यमित्र बर्टोल्ड ह्यांनी असे दाखविले, की लोखंडाच्या क्षारापासून नुकताच तयार केलेला तांबूस साका सोमलाच्या पाण्यात टाकला तर दोघे मिळून न विरघळणारा पदार्थ होतो. हे बुनसेन म्हणजे ज्यांच्या नावाची शेगडी शाळेच्या प्रयोगशाळेत जळते तेच. सोमल पोटात आहे तोवर हा साका पाजला तर विष तेथेच बांधले जाते. साका मात्र ताजा पाहिजे. शिळा झाला की त्याची ही शक्ती ओसरते. म्हणून औषधी दुकानदाराने लोहाचा द्राव व अमोनिया निरनिराळ्या बाटल्यांत तयार ठेवावेत, आणि प्रसंग पडताच मिसळून, मलमलीतून गाळून, चमच्याचमच्याने द्यावे, अशी त्या काळी रीत पडली. बुनसेनचे आयुष्यही ह्या विषाशी झुंजण्यातच गेले म्हणा ना. सोमलाच्या एका जहाल संयुगावर काम करीत असता स्फोट होऊन त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि विषबाधेने ते मरणाच्या दारी जाऊन आले.

पाऱ्याच्या विषावरचा उतारा तर एका भर वर्गात प्रसिद्धीस आला. १८२५ साली पॅरिसमध्ये प्राध्यापक थेनार व्याख्यान देत होते. मेजावर दोन पेले, एकात पाणी, दुसऱ्यात रसकापुराच्या जातीच्या जहाल पारदक्षाराचा द्राव. बोलण्याच्या भरात त्यांनी भलताच पेला तोंडास लावला. चूक ध्यानात येताच ते म्हणाले, अंडी आणा! विद्यार्थी रस्तोरस्ती धावले, अंड्यांची रास झाली, पांढरा बलक पोटात गेला आणि थेनार बचावले. बलकातील प्रथिन पाऱ्याला धरून ठेवते, एवढेच त्यातले रहस्य. दुधाचेही काम त्याच जातीचे आहे, हे ऐकून आपल्या आजीबाईंस समाधान वाटेल. परंतु त्यांनी फार आनंद मानू नये. त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

कोळशाची कथाही फ्रान्सचीच. १८१३ साली बर्त्रां नावाच्या रसायनज्ञाने कोळशाची पूड मिसळून सोमल खाल्ला व तो जिवंत राहिला. १८३१ मध्ये तुएरी ह्याने विद्वानांच्या सभेपुढे कुचल्याच्या सत्त्वाचा मारक डोस कोळशासह गिळला आणि टाळ्या मिळविल्या. कुचल्याच्या बाबतीत प्रयोग खरा होता. पुढे असे निश्चित झाले, की कोळसा वनस्पतिज विषांस उत्तम धरतो आणि धातूंस फारच थोडे. बर्त्रां जगला ह्यात दैवाचा वाटा मोठा असला पाहिजे. एका माणसाच्या जिवंत राहण्यावरून उतारा सिद्ध होत नसतो, ह्याचा हा चांगला दाखला आहे, आणि आपल्या गावोगावच्या मंत्रतंत्रांस व मुळ्यापाल्यांसही तो लागू पडतो.

हे सर्व उपाय पोटापुरते होते, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. विष आतड्यातून रक्तात उतरले, यकृतात, मूत्रपिंडात, मज्जातंतूंत जाऊन बसले, की एकोणिसाव्या शतकातील सर्वांत विद्वान डॉक्टरही हात जोडून उभा राही. उब द्यावी, ब्रँडी द्यावी, अफूने वेदना शमवाव्यात, यापलीकडे त्याची गती नव्हती.

त्यातही रोग ओळखण्याचीच मारामार. सोमलाने होणारे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके असतात; वांती, पोटऱ्यांत गोळे, खोल गेलेले डोळे, थंड पडलेले अंग, हे सारे चित्र पटकीचे आहे. ज्या देशात दर दोनचार वर्षांनी पटकीची साथ यावी, तेथे साथीच्या आडून सोमल देणाऱ्यास ह्याहून मोठे आवरण कोणते हवे? डॉ. लायन ह्यांनी मुंबईच्या रासायनिक पृथक्कारकाच्या जागेवर राहून १८८९ साली हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९२० मध्ये डॉ. जयसिंग मोदी ह्यांचा ग्रंथ निघाला, आणि तो आजतागायत नव्या आवृत्त्यांनी चालू आहे. अशा ग्रंथांना आपल्या देशात एवढी मागणी का आली असावी, हे वरील गोष्टीवरून समजेल.

आता वर्ध्याकडे वळू. आपला जिल्हा १८६२ साली नागपुरापासून वेगळा झाला आणि मध्य प्रांतात राहिला. मध्य प्रांताला स्वतःचा रासायनिक परीक्षक नव्हता. संशयित मृत्यू आर्वीस होवो की हिंगणघाटास, मृताच्या पोटातील अंश बरणीत भरून, मोहोर करून, तो थेट आग्र्याच्या परीक्षकाकडे धाडावा लागे. तेथून उत्तर येईपर्यंत रोग्याचा प्रश्न केव्हाच मिटलेला असे. उरे तो फक्त खटल्याचा. ही पृथक्करणाची विद्या मेलेल्यांच्या कामास आली. जिवंताच्या कामास ती यावी ह्यासाठी आणखी एक महायुद्ध व्हावे लागले.

ती हकीकत अशी. १९१८ साली अमेरिकेत लुईस नावाच्या रसायनज्ञाच्या हाताखाली सोमलापासून एक विषारी वायुशस्त्र तयार झाले. त्यास लुईसाइट म्हणत. त्याचा थेंब कातडीवर पडला की फोड येत आणि सोमल अंगात शिरे. पहिल्या महायुद्धात ते वापरण्यापूर्वीच युद्ध संपले; परंतु दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मनी हे अस्त्र टाकील अशी इंग्रजांस धास्ती पडली. ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक रुडॉल्फ पीटर्स, स्टॉकेन आणि थॉम्पसन ह्यांनी त्यावर उतारा शोधण्याचे काम हाती घेतले. सोमल शरीरात नेमके काय बिघडवितो? शरीरातील कित्येक जीवनावश्यक प्रथिनांच्या अंगावर गंधकाची टोके असतात, आणि सोमलास गंधकाची विलक्षण ओढ आहे. तो त्या टोकांस मिठी मारतो व पेशीची चूल विझते. केसांत आणि नखांत सोमल साठून राहतो तोही ह्याच कारणाने. केस म्हणजे गंधकयुक्त प्रथिनच. मग पीटर्स ह्यांनी असा तर्क केला, की गंधकाचे एकच नव्हे तर शेजारी शेजारी दोन हात असलेला एखादा लहान रेणू दिला, तर सोमल शरीराची मिठी सोडून त्याच्या मिठीत जाईल. आणि ती जोडी मूत्रावाटे बाहेर पडेल. १९४० साली असा रेणू हाती आला. ब्रिटिश अँटी-लुईसाइट ह्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्यास ‘बाल’ म्हणतात. युद्धभर ते गुप्त होते. १९४५ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात त्याची वार्ता जगास कळली. ज्या वायूसाठी ते शोधले तो वायू जर्मनीने त्या युद्धात इंग्रजांवर टाकलाच नाही. परंतु सोमल, पारा व काही अंशी शिसे ह्यांनी मरणाऱ्या रोग्यांना त्याने परत आणले.

विष रक्तात गेल्यावरही त्याचा पाठलाग करणारे हे पहिले औषध. ते दुर्गंधी आहे, स्नायूत खोल टोचावे लागते, टोचताना फार दुखते, आणि दर काही तासांनी पुन्हा द्यावे लागते. ते कशात कालवून देतात, ठाऊक आहे? भुईमुगाच्या तेलात! ज्या शेंगा आपण भाजून खातो, त्यांचे तेल ह्या उताऱ्याचे वाहन आहे. म्हणूनच ज्यास शेंगदाण्याचे वावडे असेल त्यास हे इंजेक्शन देताना डॉक्टरास विचार करावा लागतो.

येथे कोणी वैद्यबुवा म्हणतील, गंधक आणि पारा ह्यांची मिठी आमच्या रसशास्त्रास कधीपासून ठाऊक आहे. ते खरे आहे. पारा व गंधक एकत्र खलून काळी कज्जली करावयाची, ही क्रिया रसग्रंथांचा पायाच आहे, आणि त्या खलात जे घडते ते पाऱ्याचे गंधकाशी संयोजन होय. निरीक्षण अव्वल दर्जाचे होते, ह्यात शंका नाही. परंतु खलात पारा बांधणे निराळे आणि रोग्याच्या मूत्रपिंडात शिरलेला पारा सोडविणे निराळे. त्या दोहोंमधील अंतर पार करण्यास जे ज्ञान लागले ते विसाव्या शतकापूर्वी जगात कोणापाशीच नव्हते. पूर्वजांस त्यांचे श्रेय द्यावे. भलतेच देऊ नये.

‘बाल’ नंतर त्याची भावंडे झपाट्याने आली. शिशासाठी कॅल्शियम ईडीटीए हे औषध १९५० नंतरच्या दशकात रूढ झाले. १९५६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. वॉल्श ह्यांनी शरीरात साठणाऱ्या तांब्यावर पेनिसिलामीन दिले. चीन व रशिया ह्यांनी त्याच सुमारास ‘बाल’च्या घडणीवरूनच, पण पाण्यात विरघळणारी, कमी त्रासाची औषधे काढली, त्यांपैकी सक्सिमर हे तोंडाने घेता येते. प्रत्येक धातूस मात्र आपापले औषध आहे, आणि चुकीचे औषध अपाय करू शकते. सेंद्रिय पाऱ्यावर ‘बाल’ दिले तर तो मेंदूकडे अधिक ओढला जातो. कॅडमियमवरही ते चालत नाही.

थॅलियम नावाचा धातू तर ह्यांपैकी कोणासच जुमानत नाही. १८६१ साली क्रुक्स ह्याने तो शोधला. त्याचे क्षार रंगहीन, वासहीन, जवळजवळ रुचिहीन. पहिल्या दिवसांत पोटाची तक्रार, मग तळपायांची आग, हातापायांस मुंग्या, आणि दोनतीन आठवड्यांनी केस झुबक्यांनी गळणे. म्हणजे ओळख पटविणारी खूण येते ती पुष्कळदा उशिरा. त्याचा उतारा आहे प्रशियन ब्लू, चित्रकाराच्या पेटीतला निळा रंग! तो आतड्यात थॅलियमला धरून ठेवतो. ही दूरदेशीची गोष्ट नव्हे. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात, २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकाच कुटुंबातील पाच माणसे काही दिवसांच्या अंतराने एकामागून एक मृत्यू पावली. आजारी माणसे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेली जात होती, आणि पुढील तपासात थॅलियमचे नाव पुढे आले. बडोद्याच्या पेल्यात निदान तळाशी गाळ तरी राहिला होता.

आपल्या वर्धा जिल्ह्यात प्रत्यक्ष संकट कोणते? खरे सांगावयाचे तर कपाशीच्या ह्या मुलखात विष म्हणजे बहुधा फवारणीचे औषध. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येणाऱ्या विषबाधेच्या रोग्यांत धातूचा भाग अल्पच. हे रुग्णालय १९४४ साली लहानशा स्वरूपात निघाले आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर ह्यांच्या प्रयत्नाने त्यास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. परंतु धातुविष आपल्या घरात नाही असे मात्र कोणी समजू नये. आर्वी, आष्टी, कारंजा ह्या संत्र्याच्या पट्ट्यात बागाईतदाराच्या कोठीत मोरचूद असतेच. चुन्यात मिसळून त्याचे बोर्डो मिश्रण होते आणि झाडाच्या बुंध्यास लागते. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. ते निळे खडे पोटात गेले की हिरवीनिळी ओकारी होते, पोटात जाळ उठतो. दिवसा-दोन दिवसांत रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, काविळ दिसते, लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडे बंद पडू लागतात. पूर्वी हेच मोरचूद वांती करविण्याचे औषध म्हणून खुद्द डॉक्टर देत! त्यात किती रोगी अधिक आजारी पडले असतील, देव जाणे. आता ती चाल पुरती गेली आहे. आणखी एक घरगुती वस्तू शेंदूर. खरा शेंदूर शिशाचा असतो. देवास लावावा, मुलांच्या हाती मात्र पडू देऊ नये.

आज अशा रोग्यावर रुग्णालयात काय करतात? उतारा शोधण्यापूर्वी श्वास, नाडी व रक्तदाब सांभाळतात. सोमलाने बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, ओकारी-जुलाबांनी पाणी निघून जाते, आणि पहिल्या दिवशी माणूस मरतो तो ह्या कोरडेपणाने व हृदयाच्या बिघडलेल्या ठेक्याने. म्हणून शिरेतून द्रव चालू करून हृदयाचा आलेख सतत पाहावा लागतो. पोटाच्या क्षकिरण-चित्रात पुष्कळदा धातूचे कण पांढरे चमकतात, तेव्हा आतडी धुवून काढण्याचा उपाय योजतात. मूत्र व रक्त तपासणीस जाते. परंतु संशय बळकट असेल तर तपासणीच्या उत्तरासाठी उतारा थांबवून ठेवीत नाहीत, कारण पहिल्या काही तासांत दिलेल्या औषधाने जे साधते ते दुसऱ्या दिवशी दुप्पट औषधानेही साधत नाही. मूत्रपिंडे थकली तर रक्त यंत्राने शुद्ध करतात. अशी औषधे तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात असतील असे नाही. म्हणून रोग्यास प्राथमिक उपचार करून मोठ्या रुग्णालयात वेळेवर हलविणे आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्रास विचारणे, हे डॉक्टरांस सोपे झाले आहे. ते केंद्र रात्रंदिवस चालू असते.

आता आजीबाईंच्या दुधाकडे व तुपाकडे येतो. विष म्हटले की तूप पाजावयाचे, मिठाचे पाणी पाजून ओकावयास लावावयाचे, ही आपली परंपरा. थेनारला बलकाने वाचविले ते पाऱ्यापासून, ताबडतोब आणि तो पूर्ण शुद्धीवर असताना. घरात गिळलेले विष कोणते हे आपणांस ठाऊक नसते. उंदीर मारण्याच्या फॉस्फरसाच्या मलमावर तूप-तेल दिले तर विष अधिक त्वरेने अंगात भिनते. दाहक विष ओकून वर आले तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. गुंगीतल्या माणसास ओकावयास लावले तर ओकारी फुप्फुसात जाते. आणि मिठाच्या पाण्याने रक्तातील मीठ वाढून माणसे दगावली आहेत. म्हणून आजचे शास्त्र असे सांगते की घरी ओकारी करवू नये, तोंडाने काही पाजू नये, रोग्यास कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

ह्या बाबतीत आमच्या खेड्यांत दुसरी एक अडचण आहे, आणि ती मी औषधांच्या अडचणीहून मोठी मानतो. ती म्हणजे पोलिसांचे भय. पोराने रागाच्या भरात काही खाल्ले तर घरची माणसे दोनदोन तास बोभाटा दडपण्यात घालवितात. जवळच्या दवाखान्यात ‘जुलाब झाले’ असे सांगतात. सोमलाच्या रोग्यास पटकी समजण्याचा जुना घोटाळा अशा रीतीने आपण आपल्या हातांनी पुन्हा घडवून आणतो. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. १९८९ साली परमानंद कटारा ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की प्रथम जीव वाचवावयाचा; पोलिसी सोपस्कारांसाठी कोणत्याही डॉक्टराने उपचार थांबवावयाचा नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो आत्महत्येचा यत्न करतो तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून, त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

राहता राहिला पेल्याचा गाळ. रोग्याबरोबर दवाखान्यात जाताना पुडी, बाटली, डबा, उष्टे भांडे, जे काही जवळ पडले असेल ते धुऊन न टाकता, हात न लावता पिशवीत घालून बरोबर न्यावे. ओकारी झाली असल्यास तिचा रंग पाहून ठेवावा. किती वाजता काय घडले ते कागदावर टिपावे. घरातल्या आणखी कोणाचे पोट बिघडले आहे काय, कोणाचे केस गळत आहेत काय, हेही न विसरता सांगावे. बरणी आता आग्र्यास जात नाही. नागपुरास प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. परंतु कोणता उतारा द्यावयाचा हे रोगी जिवंत असताना ठरवावयाचे असते, आणि त्या वेळी डॉक्टरापुढे असते ती सोबत आलेली पिशवी व बरोबरच्या माणसाने खरे सांगितलेले चार शब्द.